वर्षभर मोर्चे काढून काय मिळालं?

गाझा युद्धाविरुद्ध ऑक्टोबर २०२३ पासून वर्षभर लंडनमध्ये मोर्चे निघत राहिले. ११ नोव्हेंबरला, पोलिसांच्याच अंदाजाने, ३ लाख लोक रस्त्यावर होते. त्यात ज्यू बांधवही होते, हे लक्षात ठेवायला हवं. चारच दिवसांनी संसदेत युद्धविरामाची मागणी १२५ विरुद्ध २९३ मतांनी पडली. पण मजूर पक्षाच्या ५६ खासदारांनी पक्षाचा आदेश मोडून तिच्या बाजूने मत दिलं.

जुलै २०२४ च्या निवडणुकीत गाझाच्या बाजूने बोलणारे ५ अपक्ष निवडून आले. सप्टेंबरमध्ये नव्या सरकारने इस्रायलला शस्त्रं विकण्याचे सुमारे ३५० पैकी ३० परवाने रोखले. कारण कायद्याचं दिलं. एफ-३५ विमानांच्या सुट्या भागांना मात्र बरीच सूट ठेवली.

"सर, बस इतकंच?" वर्गातली मुलं आम्हाला विचारतात. बॉम्ब थांबले नाहीत, हे खरंच आहे. पण आम्हाला वाटतं, नुसत्या घोषणांनी सरकार हलत नाही. मोर्चातला माणूस खासदाराच्या दारापर्यंत आणि मतपेटीपर्यंत गेला, तेव्हा सत्तेला उत्तर द्यावं लागलं. उरलेल्या परवान्यांचा हिशोब मागत राहणं, हेच पुढचं काम. सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे.