मेरिट नव्हे, मुदत!

निकाल लागले की पेपरात एक लेख ठरलेला. कॉलेजातल्या यशाचं रहस्य काय? जिद्द, एकाग्रता, पहाटे उठणं. पहाटे उठणं! आमच्या वस्तीत पहाटे चारला नळ येतो. उठायला आम्हाला कुणी शिकवायला नको. उठून हंडा धरायचा की पुस्तक, एवढंच त्या लेखकरावांनी सांगावं.

दोस्तांनो, मी सरळ म्हणतो. आपलं पोरगं कॉलेजात टिकतं की गळतं, हे डोक्यावर कमी आणि पैसा कोणत्या तारखेला हातात पडतो यावर जास्त ठरतं.

बाबासाहेबांचंच घ्या. लंडनला शिकत असताना बडोद्याच्या स्कॉलरशिपची मुदत संपली. १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. बुद्धी काय बोटीत सांडली होती? सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हात दिला, नवल भथेना या पारशी मित्रानं कर्ज दिलं, तेव्हा १९२० ला पुन्हा लंडन. डी.एस्सी. १९२३ ला.

हे सोसलेला माणूस कॉलेज काढतो तेव्हा काय करतो? १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं आणि सकाळचे वर्ग भरले, नोकरी करणाऱ्या पोरांना तास करून कामावर जाता यावं म्हणून. पोरांना एकाग्रतेवर प्रवचन नाही झोडलं. कॉलेजचं घड्याळ बदललं.

आणि आता? २०२४ साली मुझफ्फरनगरकडच्या एका दलित मजुराच्या पोरानं धनबादच्या आयआयटीत जागा मिळवली. फी १७,५०० रुपये, मुदत २४ जून, संध्याकाळी पाच. पैसे जमवून भरेपर्यंत पोर्टल बंद. जागा गेली! सुप्रीम कोर्टानं ३० सप्टेंबरला प्रवेश द्यायला लावला. कोर्टापर्यंत पोचणारा असा कितीकांतला एक?

माझं सांगतो. दिवसा कॉलेज, रात्री गोदामात पार्सलं लावतो. पहिल्या वर्षाची स्कॉलरशिप दुसरं वर्ष संपत आल्यावर खात्यात आली. तोवर ऑफिसातल्या साहेबानं मार्कशीट दाबून ठेवलेली. आधी फी, मग कागद. फीला एक दिवस उशीर झाला तर आम्हाला दंड. सरकारला वर्षभर उशीर झाला तर त्याला दंड कोण करणार? वर ७५ टक्के हजेरीचा धाक. माझ्या बाकावरचा दोस्त तिसऱ्या सेमिस्टरला गेला तो परत आलाच नाही. रजिस्टरात त्याच्यापुढं 'गैरहजर'. च्यायला, शब्द तरी किती धुतलेला!

इंग्रजीचा, टोमण्यांचा, हॉस्टेलातल्या जातीचा पाढा मी इथं वाचत नाही. तो खोटा आहे म्हणून नव्हे. पण त्याच्याही बुडाशी हीच तारीख दबा धरून असते. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला, तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप यायची होती. त्यानंच लिहून ठेवलंय.

आपल्यातलेच काही साहेब झालेले म्हणतात, आम्ही दिव्याखाली शिकलो, तुम्हाला काय धाड भरलीय? शिकलात, जयभीम! पण तुमच्या बरोबरचे किती त्या दिव्याखाली विझले, ते कधी मोजलंत का?

तेव्हा मोजायला आपणच लागू. आपापल्या कॉलेजच्या ऑफिसात चौघं-पाचजण मिळून जा. एकट्यानं नको, एकट्याला हाकलतात. मागल्या वर्षीची स्कॉलरशिप किती जणांना, कोणत्या तारखेला मिळाली, ते लेखी मागा. नाही दिलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये लागतात. आणि जी पोरं मधेच गेली त्यांच्या घरी जाऊन ती का गेली ते विचारा. तारखा घेऊन या. पुढच्या अंकात छापू.