ब्रेक कोण दाबतंय?

मागच्या मार्चमध्ये घोड्यावरून पडले. कॉलरबोन मोडलं, ६ आठवडे हात गळ्यात. ऑफिसात सगळ्यांना सांगून सांगून मीच कंटाळले. हाड जुळलं, धाकधूक मात्र गेली नाही.

आता नवा घोडा आहे, बादल. जुना माझ्या चुका सांभाळून घ्यायचा. हा? छे! पहिल्याच दिवशी जंपसमोर तीनदा थांबला. शो जंपिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पहिल्या नकाराला ४ पेनल्टी, दुसऱ्याला थेट बाहेर. मी म्हटलं, "सर, हा भित्रा आहे." सर म्हणाले, "तो नाही. शेवटच्या पावलाला लगाम कोण ओढतंय?"

मीच की!

मग दोन आठवडे नुसते जमिनीवर ठेवलेले पोल, मोठ्याने पावलं मोजत. (शेजारी आठ-आठ वर्षांची पोरं उड्या मारत होती. लाज वाटली, खरंच.) सरांनी एक सांगितलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, अगदी नाकासमोरचं त्याला दिसत नाही. तो लांबून बघून ठेवतो आणि पुढे विश्वासावर जातो. नेमकी तेव्हाच मी त्याला म्हणायचे, थांब!

गेल्या रविवारी ६० सेंटिमीटर. नजर पलीकडच्या झाडावर, हात सैल. बादल गेला. मागे पोल पडल्याचा आवाज आला बहुतेक. मी वळून बघितलंच नाही.