म्हातारीचे श्रम कोणत्या रकान्यात?

१ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना कोविडची लस सरकारी केंद्रात मोफत मिळाली. फ्ल्यूची लस मात्र राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात म्हाताऱ्यांसाठी नाही. ती दरवर्षी पदरमोड करून घ्यायची. श्रावणबाळच्या पेन्शनीवर जगणारीला कशी झेपणार? ‘एवढा खर्च परवडेल का?’ असे विचारले जाते. हिशेबात बहुधा दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी धरतात. करवीर-कागलातली सत्तरीची बाई नातवंडे सांभाळते, म्हशीची धार काढते. त्याची किंमत शून्य. ती सीपीआरमध्ये दाखल झाली की उशाशी सून बसते, घरी नातीची शाळा बुडते. तेही शून्यच! हे श्रम धरून हिशेब पुन्हा मांडा, ही मागणी आपल्या गटांनी जिल्हा परिषदेकडे लावून धरावी. तोवर निदान पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात ही लस मोफत मिळावी.