दहा हजार वळणं आणि एक पत्रा

आधीच सांगून टाकतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आठवीनंतर मराठीऐवजी फ्रेंच घेतलं (भाषेच्या प्रेमापोटी नव्हे, मार्क जास्त पडतात म्हणून!), त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. त्या फ्रेंचचा मला आजवर एकच उपयोग झाला. फर्स्ट इयरला होस्टेलच्या भिंतीवर मी एक पोस्टर लावलं होतं. त्यावर पांढरीशुभ्र लॅन्चिया डेल्टा एस-फोर, बाजूने मार्टिनीचे निळे-लाल पट्टे, आणि खाली लिहिलेलं, ‘टूर द कोर्स’. शेजारच्या खोलीतल्या पार्टनरने ते वाचून विचारलं, “कसला कोर्स रे? क्रेडिट किती?”

मी ऐटीत सांगितलं, की कोर्स म्हणजे कॉर्सिका. भूमध्य समुद्रातलं फ्रेंच बेट, नेपोलियनचं जन्मस्थान. आणि १९५६ पासून तिथे भरत आलेली मोटारींची रॅली म्हणजे टूर द कोर्स.

ते पोस्टर मी मागच्या सेमिस्टरला काढलं. का काढलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आपल्याकडे गाड्यांचं वेड असलेली जेवढी मुलं आहेत, त्यांना ग्रुप बी म्हटलं की भरून येतं. कॅन्टीनमध्ये विषय निघायचा अवकाश, की कुणीतरी म्हणतंच, “तेच खरं रॅलीचं सुवर्णयुग! नंतर नियम करणाऱ्या म्हाताऱ्यांनी सगळी मजा घालवली.” मीही हेच म्हणत होतो, आणि चांगलं मोठ्या आवाजात म्हणत होतो. आज माझं मत नेमकं उलटं आहे. ग्रुप बी हे सुवर्णयुग नव्हतं. हे मला कुणी रॅलीच्या विरोधकाने शिकवलेलं नाही. टूर द कोर्सचा इतिहास नीट वाचल्यावर कळलं.

आधी थोडी ओळख. कॉर्सिका म्हणजे समुद्रातून वर आलेला डोंगरच. सर्वात उंच शिखर माँते चिंतो, २७०६ मीटर. रस्ते अरुंद, डांबरी, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला दरी. वरंधा घाट संपतच नाही अशी कल्पना करा. म्हणूनच तिला ‘दहा हजार वळणांची रॅली’ म्हणतात. रॅलीत सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत बरं का. रस्ता बंद करून एकेक गाडी ठरावीक अंतराने सोडतात. शेजारी बसलेला को-ड्रायव्हर वहीतून पुढची वळणं वाचून दाखवतो आणि स्पर्धा घड्याळाशी असते. स्वीडनला बर्फ, केनियाला धूळ, तसं कॉर्सिकाला डांबर. टायरला पकड भरपूर मिळते, पण चूक झाली तर सावरायला बाजूला मोकळी जागाच नाही.

१९५६ च्या पहिल्या रॅलीत कोण जिंकलं असेल? बेल्जियमची जिल्बर्त तिरियाँ आणि तिच्याबरोबर नादेज फेरिए. दोघीही बायका! गाडी होती रेनॉ दोफीन, इंजिन ८४५ सीसी, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षा जेमतेम ४९ सीसी जास्त. (आमच्या टीममध्ये मुलींना अजूनही “तू रिपोर्ट बघ, आम्ही वेल्डिंग बघतो” असं सांगितलं जातं. सत्तर वर्षं होत आली, पण असो.)

१९७३ मध्ये जागतिक रॅली स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिल्याच वर्षी कॉर्सिकाचा तिच्यात समावेश होता. जाँ-पिएर निकोला अल्पीन ए-११० घेऊन जिंकला. ही गाडी इतकी बुटकी आणि हलकी, की दगडी भिंतीपाशी उभी राहिली तर खेळणं वाटावं. पुढे बेर्नार दार्निशने १९७० ते १९८१ या काळात सहा वेळा ही रॅली मारली. म्हणजे ग्रुप बी यायच्या आधी इथे काही सुतक नव्हतं. रॅली जोरात होती, गाड्या देखण्या होत्या, लोक वेडे होते.

१९८२ साली ग्रुप बीचे नियम आले. मेकच्या मुलांनी हे नीट समजून घ्यावं, कारण सगळी गोम इथेच आहे. एरवी रॅलीची गाडी म्हणजे बाजारात हजारोंनी विकली जाणारी गाडी सुधारून घेतलेली. ग्रुप बीमध्ये मात्र फक्त २०० गाड्या बांधल्या की पुरे. मग कंपन्यांनी काय केलं? थेट स्पर्धेसाठीच यंत्र बांधलं आणि वरून नेहमीच्या गाडीचा चेहरा चढवला. डेल्टा एस-फोर त्याचं टोक. नळ्यांचा सांगाडा, वरती केवलारचं हलकं कवच, इंजिन सीटच्या मागे. १७५९ सीसीच्या त्या इंजिनाला सुपरचार्जरही आणि टर्बोही! ताकद सुमारे ४८० हॉर्सपॉवर, वजन ८९० किलो. म्हणजे वजन आपल्या स्विफ्टच्या आसपास आणि ताकद पाचपट. पेट्रोलच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या, आणि जागा कुठे? ड्रायव्हर आणि को-ड्रायव्हर यांच्या सीटखाली.

हे सगळं नियमात बसत होतं. एकाही नियमाचा भंग नव्हता.

२ मे १९८५. कॉर्सिकात लॅन्चिया ०३७ झाडावर आदळली आणि अत्तिलिओ बेत्तेगा जागीच गेला. को-ड्रायव्हरला खरचटलंही नाही. रॅली पुढच्या वर्षी पुन्हा भरली. मधल्या काळात नियम होते तिथेच राहिले आणि गाड्यांची ताकद वाढली. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालला एक ग्रुप बी गाडी प्रेक्षकांत घुसली, माणसं मेली. तरी गाडा चालूच.

२ मे १९८६. बरोब्बर एक वर्ष. फिनलंडचा हेन्री तोइवोनेन आघाडीवर होता. वय २९. त्याचा जन्मही १९५६ चा, म्हणजे तो आणि ही रॅली एकाच वयाचे. अंगात फ्लू होता, तरी गाडी पळवत होता. कोर्ते ते तावेर्ना या टप्प्यावर एका डाव्या वळणाला, जिथे कठडा नव्हता, त्याची डेल्टा एस-फोर रस्ता सोडून खाली झाडांत गेली आणि पेटली. हेन्री आणि त्याचा को-ड्रायव्हर सेर्जिओ क्रेस्तो, दोघेही गेले. आग विझल्यावर फक्त सांगाड्याच्या नळ्या उरल्या होत्या. नेमकं काय बिघडलं, हे तपासायला गाडीच उरली नव्हती. योगायोग असा, की दोन्ही वर्षी त्या गाड्यांवर क्रमांक होता ४.

यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. खडी-मातीच्या रॅलीत गाडीच्या पोटाखाली जाड संरक्षक पत्रा लावतात, कारण खालून दगड लागतात. डांबरावर दगड कुठून येणार? म्हणून कॉर्सिकात तो पत्रा लावलेला नव्हता. वजन वाचलं. टाक्या आणि झाडं यांच्यामध्ये मग फारसं काही उरलंच नाही.

रॅलीच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष बालेस्त्र यांनी लगेच जाहीर केलं, की १९८७ पासून ग्रुप बी बंद. यांनाच आपली मंडळी ‘मजा घालवणारे म्हातारे’ म्हणतात! माझी तक्रार उलटी आहे. हे त्यांनी एक वर्ष आधी, बेत्तेगा गेला तेव्हाच करायला हवं होतं.

आता समोरच्यांचा युक्तिवाद. ते म्हणतात, ग्रुप बीमुळे तंत्रज्ञान पुढे गेलं. टर्बो, फोर-व्हील ड्राइव्ह वगैरे. थोडं मान्य. पण आऊडी क्वाट्रो जागतिक स्पर्धेत उतरली १९८१ मध्ये, ग्रुप बीच्या आधी. दुसरं म्हणजे, कॉर्सिकाचे निकाल काढून बघा. १९८३ आणि १९८४ ला मार्कू आलेन जिंकला, लॅन्चिया ०३७ घेऊन. १९८५ ला जाँ रान्योती, रेनॉ ५ मॅक्सी टर्बो घेऊन. दोन्ही गाड्या नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांची सगळी ताकद वळणावळणांत गार पडली. बंदीनंतर, १९८७ ला, बेर्नार बेगँ जिंकला बीएमडब्ल्यू एम-थ्री घेऊन. तिला टर्बोसुद्धा नाही. १९९९ ला तर फिलिप ब्युगाल्स्कीने पुढच्या चाकांवर चालणाऱ्या सित्रोएन क्सारा किट कारने मोठमोठ्या वर्ल्ड रॅली कार मागे टाकल्या. दहा हजार वळणांच्या रस्त्यावर ताकदीपेक्षा हलकेपणा, ब्रेक आणि हात जास्त कामाला येतात. मग ते ४८० हॉर्सपॉवर नक्की कशासाठी होते?

आणि मजा गेली म्हणणाऱ्यांनी दिदिए ओरिओल बघावा. दार्निशसारखाच सहा वेळा जिंकला, सगळे विजय बंदीनंतरचे. सेबास्तियाँ लोएबने २००५ ला बाराच्या बारा टप्पे जिंकले. २००८ नंतर रॅली जागतिक स्पर्धेतून बाहेर गेली, २०१५ ला परत आली. २०१९ ला एल्फिन इव्हान्स आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात त्याचा टायर गेला आणि तिएरी न्यूव्हिल जिंकला. जागतिक स्पर्धेतली ती शेवटची टूर द कोर्स. २०२० पासून कॉर्सिका त्या वेळापत्रकात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण त्या २०१९ च्या शेवटच्या टप्प्याचं फुटेज बघताना माझ्या छातीत जे धडधडलं, त्यात भीतीचा वाटा नव्हता. ग्रुप बीच्या क्लिपा बघताना असतो.

आता पोस्टरचं. मी आमच्या कॉलेजच्या बग्गी टीममध्ये आहे. दरवर्षी गाडी बांधतो आणि आंतरकॉलेज स्पर्धेला नेतो. मागच्या वर्षी वजन कमी करायची मोहीम निघाली. सगळ्यांनी आपापल्या पार्टमधून ग्रॅम-ग्रॅम काढायचे. माझ्याकडे पेट्रोलच्या टाकीखालचा पत्रा होता. रूलबुकमध्ये लिहिलं होतं की पत्रा पाहिजे, किती जाडीचा ते लिहिलेलं नव्हतं. मी वर्कशॉपमधला सर्वात पातळ पत्रा निवडला, त्याला वर भोकंही पाडली, आणि ७०० ग्रॅम वाचवले. सीनियर्सनी पाठ थोपटली. “नियमात बसतंय ना? मग झालं!” तपासणीत गाडी पासही झाली. काही वाईट घडलं नाही, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आता रडकथा येणार.

स्पर्धेनंतर गाडी उचलून ठेवली तेव्हा वर्कशॉपच्या मामांनी मला खाली वाकून बघायला लावलं. पत्र्याला मुठीएवढा पोचा आला होता आणि एका भोकापासून चीर गेली होती. वर टाकी, बोटभर अंतरावर. मामा एवढंच म्हणाले, “हे कुनी केलं?” मी काही बोललो नाही. त्या वर्षी आमचा ड्रायव्हर माझाच रूममेट होता, तोच, ज्याने क्रेडिट किती विचारलं होतं. तो शेजारी उभा राहून फोनवर घरी सांगत होता, की गाडी मस्त पळाली.

यंदाही ड्रायव्हर तोच आहे. मी जाड पत्र्याचं ड्रॉइंग पुन्हा डिझाइनमध्ये घातलंय, भोकं नाहीत. ७०० ग्रॅम वाढतात म्हणून टीममध्ये कुरकुर चालू आहे आणि बुधवारच्या मीटिंगला ते बहुतेक काढायला सांगतील. मागच्या वर्षीचा चिरलेला पत्रा मी टाकून दिलेला नाही, माझ्या पलंगाखाली आहे. बुधवारी तो बरोबर नेणार आहे. रूममेटला त्याबद्दल अजून सांगितलेलं नाही. हा अंक बहुधा त्याच्या हातात मीटिंगच्या आधी पडेल.