हसू नवरदेवावर यायला हवं

आशुतोष गोवारीकर यांचा ‘व्हॉट्स युअर राशी?’ 25 सप्टेंबर 2009 रोजी आला आणि पडला. समीक्षकांनी नावं ठेवली, प्रेक्षकांनी पाठ फिरवली. ‘लगान’, ‘स्वदेस’ आणि ‘जोधा अकबर’ देणाऱ्या दिग्दर्शकाने पहिल्यांदाच हलकीफुलकी प्रेमकथा हाती घेतली होती. विषयही घराघरातला, मुलगी बघायला जाण्याचा. योगेश पटेल हा शिकागोत शिकणारा मुलगा. मोठ्या भावाच्या कर्जापायी घर अडचणीत येतं, आणि मोजक्या दिवसांत योगेशचं लग्न झालं तर आजोळची इस्टेट मिळून सगळं निभावेल, असं ठरतं. मग तो प्रत्येक राशीची एक अशा बारा मुली पाहतो. बाराही मुली झाल्या आहेत प्रियांका चोप्रा. सिनेमा पडला की लांबी, नायक आणि बदललेला जमाना अशी ठरलेली कारणं सांगून आपण मोकळे होतो. मला ती कारणं पटत नाहीत. माझ्या मते या सिनेमाने आपल्या नवरदेवावर कुणाला हसूच दिलं नाही, आणि तो तिथेच संपला.

आधी लांबीचं बघू. सिनेमा साडेतीन तासांचा आहे, हे खरं. पण ‘लगान’ त्याहून लांब, जवळपास पावणेचार तासांचा होता, आणि ‘जोधा अकबर’ही साडेतीन तासांचाच. दोन्ही लोकांनी डोक्यावर घेतले. आमच्या आचरा-मालवण पट्ट्यात तर हा आक्षेप टिकतच नाही. जत्रेतला दशावतार मध्यरात्रीच्या सुमारास उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो, तरी म्हातारी माणसं घोंगडी पांघरून जागची हलत नाहीत. दशावतारात हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, संवाद मात्र उभ्या उभ्या सुचलेले. स्त्रीपार्ट करणारा नट पदर सावरता सावरता समोरच्या माणसांचा अंदाज घेतो. माणसं पेंगायला लागली की वाद आटोपता घेतो, रंगली की तोच वाद आणखी अर्धा तास ताणतो. माणसं वेळ देतात, फक्त पुढच्या घटकेला काय होईल याची ओढ हवी. बारापैकी चार मुली पाहून झाल्या की पाचवीचं काय होणार हे कळायला लागतं, आणि अजून आठ जणी बाकी असतात.

दुसरा आक्षेप राशीचा. शिकलेल्या तरुण प्रेक्षकाला 2009 साली राशीभविष्य कालबाह्य वाटलं, असं सांगितलं जातं. पण आमच्या आचऱ्यात दर काही वर्षांनी श्रीदेव रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री अख्खा गाव घरांना कुलपं लावून, गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर झोपड्या उभारून राहतो. त्यात शिकलेले असतात, मुंबईहून मुद्दाम रजा काढून आलेले चाकरमानी असतात. श्रद्धा बरोबर की चूक, हा वाद इथे नको. मुद्दा एवढाच, की कौलाला गावाच्या जगण्यात वजन आहे, कारण त्या शब्दावर माणसं खरोखरच घर सोडतात. ‘राशी’मधल्या राशीला असं काही वजन नाही. मेषेच्या मुलीच्या जागी तुळेची बसवली तरी प्रसंग फारसा बदलत नाही. सिनेमाचं नावच जिच्यावर, ती रास मुलींच्या गळ्यातली चिठ्ठी होऊन राहते. श्रद्धेची टिंगल केली असती तरी चाललं असतं, तिच्यावर मनापासून विश्वास ठेवला असता तरीही. यांनी दोन्ही केलं नाही.

बारा भूमिकांचं कौतुक मात्र व्हायला हवं. प्रियांका चोप्राने बोलण्याची ढब, चाल, बसण्याची पद्धत बदलण्यासाठी घेतलेली मेहनत पडद्यावर दिसते. पण एका नटाने अनेक भूमिका करण्याला गोष्टीतून कारण मिळावं लागतं. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकर पाच रूपांत यायचे, कारण लखोबा लोखंडे हा माणूसच सोंगं घेऊन बायकांना फसवणारा. एकच चेहरा पाच नावांनी समोर येतो, तोच तर पुरावा. इथे बारा वेगळ्या घरांतल्या बारा मुलींचा चेहरा एक का असावा, याचं उत्तर कथेत नाही. मग आपण मुलगी बघायचं सोडून नटीची वेशभूषा बघायला लागतो.

हे सगळं असूनही सिनेमा तरला असता. कारण हीच गोष्ट आधी एकदा उत्तम तरलेली आहे. मधु राय यांच्या ‘किम्बल रेवन्सवूड’ या गुजराती कादंबरीवरच केतन मेहतांनी दूरदर्शनसाठी ‘मिस्टर योगी’ ही मालिका केली होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती घरोघरी पाहिली गेली. योगी होता आपला मोहन गोखले, सूत्रधार ओम पुरी. त्या योगीकडे अमेरिकेची फुशारकी होती. आपण मुली निवडायला आलोय, अशा तोऱ्यात तो दिवाणखान्यात बसायचा आणि दर वेळी समोरची मुलगी किंवा तिचे घरचे त्याला उघडं पाडायचे. गोखलेंच्या चेहऱ्यावरचा तो रुबाब हळूहळू उतरताना बघणं हीच खरी गंमत होती, आणि वर सूत्रधार त्याला चिमटे काढायला हजर. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी घेऊन मुलगी बाहेर येते आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर खिळतात. मालिकेने ते डोळे उलटे फिरवून नवरदेवावर रोखले.

गोवारीकरांनी नेमकं हेच काढून टाकलं. त्यांचा योगेश सालस आहे. घरासाठी, भावासाठी, नाइलाजाने लग्नाला उभा राहिलेला. त्याला हसावं तर आपणच दुष्ट ठरू. एका प्रसंगात समोर नटूनथटून बसलेली मुलगी लग्नाच्या वयाचीही नाही असं निघतं. तिथेही समजूतदार ठरतो तो योगेशच, आणि ती पोर त्याच्या चांगुलपणाचं निमित्त होऊन निघून जाते. बारा वेळा परीक्षा मुलींची होते, त्याची एकदाही नाही.

नायक हास्यास्पद केला तर त्याच्यावर प्रेम कोण करेल, असं कुणी विचारेल. पुढच्याच वर्षी, 2010 मध्ये, सतीश राजवाडेंच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने त्याचं उत्तर दिलं. स्थळाला नकार द्यायला पुण्यात आलेली मुंबईची मुलगी, आणि तिला भेटलेला, आपल्या शहराचा पराकोटीचा अभिमान असलेला मुलगा. एक दिवस, दोन माणसं, दोघांनाही नावं नाहीत. मुक्ता बर्वे स्वप्नील जोशीच्या पुणेरी अभिमानाला टाचणी लावत राहते, तो तिच्या नखऱ्यांना, आणि त्या टोचाटोचीतूनच जवळीक वाढते. एवढ्याशा सिनेमाला लोकांनी मनापासून आपलं म्हटलं. परीक्षा नवरदेवाचीही व्हायला हवी, हे खुद्द गोवारीकरांनाही ठाऊक होतं. त्यांच्या ‘जोधा अकबर’मध्ये लग्नाआधी जोधा दोन अटी घालते. धर्म बदलणार नाही, आणि किल्ल्यात माझ्या देवाचं मंदिर हवं. हिंदुस्थानच्या बादशहाला तिथे उत्तर द्यावं लागतं. राजकारणासाठी जुळवलेलं ते लग्न प्रेमाचं होतं ते त्या क्षणापासून.

योगेश झालेल्या हरमन बावेजावर सगळं खापर फोडणं म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं. ‘लव्ह स्टोरी 2050’ आणि ‘व्हिक्टरी’ पाठोपाठ पडल्यामुळे तो आधीच बदनाम होता. पण 2023 च्या ‘स्कूप’मध्ये त्याच नटाने पोलीस अधिकारी असा केला, की लोकांनी पुन्हा वळून पाहिलं. त्या भूमिकेत धरायला काहीतरी होतं. योगेश पटेलला एखादा हट्ट, एखादी बढाई, निदान पोहे खाताना सांडण्याइतकं वेंधळेपण तरी द्यायला हवं होतं. समोरच्या मुलीला हसू आलं असतं.