मध्येच येणारे गाणे आणि समीक्षेची दुटप्पी कसोटी

बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर १९८४ च्या मे महिन्यात ‘द यंग वन्स’ या विनोदी मालिकेचा ‘बॅम्बी’ हा भाग दाखवला गेला. मोडकळीस आलेल्या एका घरात राहणारे चार विद्यार्थी ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या प्रश्नमंजूषेत उतरतात. समोरचा संघ ‘फूटलाइट्स कॉलेज’चा, म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कुलीन परंपरेचा. चौघे गाडी पकडण्यासाठी धावत असताना त्यांच्या घरात ‘मोटरहेड’ हा वाद्यवृंद येऊन एक संपूर्ण गाणे वाजवतो. कथानकाशी त्या गाण्याचा संबंध नाही. पुढे प्रतिस्पर्धी संघ हातबाँबने उडवला जातो आणि अखेरीस वरून पडलेल्या अवाढव्य एक्लेअरखाली सगळेच चिरडतात.

आधुनिकोत्तर परिभाषा अंगवळणी पडलेल्या अभ्यासकाला या भागात काय सापडेल हे सांगणे अवघड नाही. संहितेचे विखंडन, वास्तवाभासाचा भंग, बाख्तिनप्रणीत कार्निव्हल, अधिसत्तेची विटंबना इत्यादी. हे वाचन चुकीचे नाही. मात्र त्यातून एक साधी वस्तुस्थिती निसटते. मालिकेच्या जवळजवळ प्रत्येक भागात असे गाणे आहे, याचे कारण अर्थव्यवहारात आहे. गाणे असले की कार्यक्रम ‘विविधरंजन’ या सदरात मोडे आणि त्या सदराला बीबीसीकडून अधिक पैसा मिळे. ज्याला रूपबंधाची बंडखोरी म्हटले जाते, तिचा उगम अंदाजपत्रकाच्या एका रकान्यात आहे. म्हणून तिचे मोल कमी होत नाही. लेखकांनी त्या सक्तीचा वापर कसा केला, हाच खरा समीक्षाविषय ठरतो.

ही उदारता मराठी समीक्षा स्वतःच्या प्रदेशात दाखवते काय? मालिका सुरू झाली त्याच १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या दोन जिल्ह्यांत आणि शेजारच्या भंडारा-गोंदियात दिवाळीनंतर धान हाती आले की झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे नाटक कंपन्यांचे केंद्र. गावोगावची मंडळे तेथून प्रयोग ठरवतात, मंडप उभारतात, तिकिटे विकतात आणि नाटक रात्रभर चालते. दंडार व खडीगंमत यांचा वारसा सांगणाऱ्या या नाटकांत गाणे येते, नृत्य येते, विनोदी पात्राचा स्वतंत्र प्रवेश येतो. कथानक थांबते. कारण तेच आहे: तिकिटाचा पैसा. मात्र येथे विखंडन, कार्निव्हल हे शब्द समीक्षकाला आठवत नाहीत. येथे ‘बाजारूपणा’, ‘अभिरुचिहीनता’ आणि ‘संहितेची शिथिलता’ हे तयार शिक्के बाहेर निघतात.

कथानक थांबणे हाच दोष मानायचा, तर संगीत नाटकाचे काय करायचे? ‘एकच प्याला’मधील दारिद्र्याने गांजलेली सिंधू ‘वन्स मोअर’ मिळाला की तेच पद पुन्हा आळवीत असे. त्या व्यत्ययाला परंपरा म्हणून गौरवले गेले. पुण्या-मुंबईचा व्यत्यय परंपरा, लंडनचा व्यत्यय प्रयोगशीलता आणि वडशाचा व्यत्यय अडाणीपणा, ही वर्गवारी सौंदर्यशास्त्रातून आलेली नाही. तिचा आधार भूगोल आणि प्रतिष्ठा हाच आहे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांची ओळख ‘विदर्भाचे दादा कोंडके’ अशी करून देण्यात आली. गौरवासाठीदेखील नाव उसने आणावे लागावे, यात त्या रंगभूमीबद्दलचे अज्ञान पुरेसे उघड होते.

याचा अर्थ झाडीपट्टीचा प्रत्येक प्रयोग श्रेष्ठ आहे, असा मुळीच नाही. मध्ये आलेले नृत्य कधी नाटकाला गिळून टाकते, विनोद कधी दुबळ्यालाच ओरबाडतो. पण गिळणे कोणते आणि उजळणे कोणते, हे सांगण्यासाठी प्रयोग वाचावा लागतो. सरसकट तुच्छतेने ते साधत नाही आणि ‘लोककला’ म्हणून केलेल्या सरसकट कौतुकानेही नाही. दोन्हींत समीक्षेचे कष्ट टाळलेले असतात.

‘बॅम्बी’त फूटलाइट्सचा संघ साकारणाऱ्यांपैकी स्टीफन फ्राय, ह्यू लॉरी व एमा थॉम्प्सन हे केंब्रिजच्या खऱ्या फूटलाइट्स मंडळातूनच आलेले होते. कुलीन उच्चारांवरील हास्यात ते उच्चार लाभलेलेच सहभागी होते. ते हास्य सत्तेला ओरखडा काढते की तिला सुरक्षित करते, हा प्रश्न तेथे विचारावाच लागतो. तोच प्रश्न झाडीपट्टीच्या मंडपात अधिक तीव्र होतो. प्रमाण मराठीत बोलणाऱ्या नायकाशेजारी विनोदी पात्र झाडीबोलीत बोलू लागते, तेव्हा प्रेक्षक कोणाला हसतो? स्वतःच्या बोलीला, की त्या बोलीच्या चिमट्यात सापडलेल्या नायकाच्या पुस्तकी भाषेला? उत्तर प्रयोगागणिक बदलेल. पण ते शोधल्याखेरीज या रंगभूमीतील हास्याविषयी काढलेला कोणताही निष्कर्ष पोकळ आहे.

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तेथील किंवा अन्य कोणत्याही विद्यापीठातील पदव्युत्तर वर्गात ‘बॅम्बी’ जरूर अभ्यासावा. मात्र त्याच हंगामात वडशाच्या एखाद्या कंपनीचा प्रयोग पहाटेपर्यंत पाहून त्याला तीच कसोटी लावावी. कसोटी दोन्हीकडे टिकली, तरच तिला सिद्धान्त म्हणता येईल.