चाकामागची खटखट आणि वर्गातले मौन

माझ्या जुन्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकातून गेल्या हिवाळ्यापासून खटखट असा आवाज येऊ लागला होता. गतिरोधकावरून गाडी उतरली की तो एकदा येई, खड्ड्यात आपटली की दोनदा. उन्हाळ्याची सुटी लागल्यावर हे काम घरीच, अंगणात करायचे असे मी ठरवले. त्या निर्णयामागे थोडी काटकसर होती, थोडी हौस होती आणि मराठीच्या प्राध्यापकाला पुस्तकापलीकडचेही काही येते हे दाखवण्याची खुमखुमीही होती. काम कसेबसे पार पडले. पण त्याने माझ्या अध्यापनाविषयी जे प्रश्न उभे केले ते अजून संपलेले नाहीत, म्हणून हे टिपण.

मंगळवेढ्यात राहणाऱ्याला गाडीच्या पुढच्या भागाची झीज नवी नाही. इथली काळी, खोल, चिकण जमीन ज्वारीची आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते या मातीच्या बळावर. हीच माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर टाकलेला रस्ता दोन-चार पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आता गुळगुळीत झाला आहे. पण महामार्ग सोडून दक्षिणेकडच्या एखाद्या गावाला वळले, की प्रत्येक किलोमीटरचा हिशेब चाकामागचे रबर चुकते करीत असते.

ज्यांनी चाकामागे कधी डोकावून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकाला वरून एक उभा खांब धरून असतो. त्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेले असतात. स्प्रिंग हादरा झेलते, आणि स्प्रिंगचे उसळणे शॉकअपमधले तेल आवरते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांतून रस्त्यावर आली. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ची पुढची चाकेही अशीच होती. चाकाला खालून धरणारा लोखंडी हात म्हणजे लोअर आर्म. त्याचे आतले टोक रबरी बुशात फिरते आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. खांद्याच्या सांध्यासारखा, सर्व बाजूंनी वळणारा. बुश फाटला की आवाज येतो. बॉल जॉइंट झिजला की चाकाला ‘प्ले’ येतो, आणि तो निखळलाच तर धावत्या गाडीचे चाक आडवे पडू शकते. म्हणजे खटखट ही नुसती कटकट नव्हे, ती सूचना असते.

हे सारे मी वाचून, चित्रफिती पाहून शिकलो होतो. प्रत्यक्षात पहिला नटच सुटेना. पान्याला जोर लावता लावता गाडी जॅकवर डुलू लागली, तेव्हा फाटकाबाहेरून हाक आली, “सर, थांबा थांबा. खाली घ्या आधी गाडी.”

हाक मारणारा माझाच विद्यार्थी होता. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला, शेवटच्या बाकावर बसणारा. दोन सत्रांत त्याने वर्गात एकही प्रश्न विचारला नव्हता. मौखिक परीक्षेत त्याला साध्या प्रश्नांवर घाम फुटला होता, आणि मी त्याला उत्तीर्ण होण्यापुरते गुण देऊन मोकळा झालो होतो. तो आत आला, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि बाह्या सरसावल्या. त्याने गाडी खाली घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले, मग गाडी उचलून सांगाड्याखाली जाड लाकडी ठोकळे सरकवले. “जॅक गाडी उचलायला असतो सर, धरायला नसतो,” तो म्हणाला. मी हे वाक्य मनात टिपून घेतले. व्याख्या कशी असावी हे मी दरवर्षी एक आख्खा तास शिकवतो.

पुढचे तीन तास तो बोलत होता आणि मी ऐकत होतो. “बुश पार मेलाय बघा. रबर हाय, पर जीव न्हाई त्यात.” “आटे खाल्ल्यात बोल्टानं, हा परत नका लावू.” “नट आत्ता नुसता टेकवायचा. चाक खाली टेकल्यावर, गाडीचा भार आला की मग आवळायचा. अधांतरी आवळला तर रबर पिळलेलंच राहतं, चार महिन्यांत फाटतं.” कारण, परिणाम, अपवाद, इशारा असे सगळे त्या बोलण्यात होते, आणि एकही शब्द जास्तीचा नव्हता. वर्गात ज्याच्या तोंडून वाक्य पुरे होत नव्हते तोच हा मुलगा, हे मला स्वतःला पटवावे लागले. त्याचे वडील सोलापूर रस्त्याला गॅरेज चालवतात, हेही मला त्या दिवशी कळले. प्रवेश-अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने ‘व्यापार’ असे लिहिले होते.

त्या एका शब्दाने मला अस्वस्थ केले. ज्या गावात मी संतसाहित्य शिकवतो, त्या गावाच्या मातीत या लपवण्याचा जुना इतिहास आहे. परंपरा सांगते की १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ती भिंत कोसळली आणि खाली सापडलेल्या मजुरांत चोखामेळा होते. ज्यांना गावकुसाबाहेर राहायचे होते त्यांनीच गावकूस बांधायचे, ही त्या घटनेतली विसंगती मी दरवर्षी वर्गात सांगतो. मुले ती लिहून घेतात. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरी नेल्या, हा भाग सांगताना माझा आवाजही जड होतो. पण हाताने काम करणाऱ्याला आजही अर्जावर दुसरा शब्द शोधावा लागतो, ही गोष्ट त्या पाठाला जोडून मी कधी विचारात घेतली नव्हती. जातिव्यवस्था ही श्रमांचीच नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, अशी मांडणी डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये केली. तीही आमच्याकडे प्रश्नपत्रिकेत येते आणि उत्तरपत्रिकेत संपते.

या विभागणीचा अनुभव मला त्याच संध्याकाळी आला. काळे हात आणि सुटे आर्म यांचे छायाचित्र मी सहकाऱ्यांना पाठवले. कौतुकाचा पाऊस पडला. एकाने तर मला ‘श्रमप्रतिष्ठेचे उपासक’ ठरवले. हेच काम रोज करणाऱ्या माणसाला कोणी उपासक म्हणत नाही. माझ्या हाताला लागलेले वंगण हे भूषण होते, कारण ते धुऊन टाकल्यावर मी पुन्हा प्राध्यापक होणार होतो. घरी गाडी दुरुस्त करण्याच्या हौसेला माझा विरोध नाही. पण ती हौस म्हणजे श्रमाचा सन्मान, हा समज मात्र सोडला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला जावेच लागले. एक शॉकअप तेल गळत होता, आणि तो बदलायचा तर दाबलेली स्प्रिंग सोडवणे भाग होते. ते घरी करायला मुलाने साफ नकार दिला. “स्प्रिंग सुटली तर जबडा फोडंल,” तो म्हणाला. स्प्रिंग आवळून धरणारे अवजार आणि चाकांची सरळ रेष तपासायचे यंत्र वडिलांकडे होते. काम आटोपल्यावर मी त्यांच्यापुढे मुलाची भरभरून स्तुती केली. ते ऐकून घेत चिंधीने हात पुसत राहिले, आणि मग हळू आवाजात म्हणाले, “सर, त्येला हे येतंय हे मला ठावं हाय. त्येला यातनं भायेर काढा म्हणून तुमच्याकडं धाडलाय.”

माझ्या सगळ्या विचारांना तिथे खीळ बसली. श्रमाचे गोडवे गाणाऱ्या माझ्यासारख्याला या वाक्याचे उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये. ज्याने तीस वर्षे गाडीखाली पाठ टेकली त्याला आपला मुलगा तिथे नको असेल, तर तो त्याचा हक्क आहे. माझा मुद्दा एवढाच आहे की गॅरेजमधून वर्गात येताना त्या मुलाला आपली भाषाही बाहेर ठेवावी लागते, आणि ती ठेवायला आपणच लावतो.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. ‘बुश’, ‘प्ले’, ‘आर्म’ ही कसली मराठी? ‘मेस्त्री’ आणि ‘चावी’ हे शब्द पोर्तुगिजांकडून आले, आणि आज त्यांना कोणी परके म्हणत नाही. उलट ‘सस्पेंशन’ला ‘निलंबन’ हा शब्दशः प्रतिशब्द वापरून पाहावा. ऐकणाऱ्याला गाडी नव्हे, कार्यालय आठवेल. नाम बाहेरून आले तरी ‘बुश मेला’, ‘आटे खाल्ले’, ‘नट टेकवला’ यांतली क्रियापदे अस्सल इथली आहेत, आणि भाषेचा कणा क्रियापदांत असतो. त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिताना बलुतेदारांचे व्यवहार त्यांच्या शब्दांसह नोंदवले, म्हणून आज तो ग्रंथ आपल्याला आधाराला घेता येतो. बैलगाडीचे तुंबा, आरे, धाव हे शब्द आपण आता शब्दकोशात शोधतो. आजच्या गॅरेजची भाषा नोंदवण्याचे काम कोणाचे?

ते मराठी विभागांचे आहे, असे माझे मत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्र-प्रकल्पांना श्रेयांक मिळू लागले आहेत. आपल्याकडे मात्र ते बहुधा ग्रंथालयात बसूनच पुरे होतात. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने एका व्यवसायाचे शंभर शब्द आणि पन्नास वाक्ये, बोलणाऱ्याच्या तोंडच्या रूपात, अर्थ आणि वापरासह गोळा करावीत. गॅरेज, हातमाग, ऊसतोड, भट्टी, शिलाई असे काहीही चालेल. आणि ज्याच्या घरी तो व्यवसाय आहे त्याने तोंडी परीक्षेत तो आपल्या बोलीत समजावून सांगावा. प्रमाण मराठी शिकवू नये असे मी म्हणत नाही. अर्ज आणि प्रबंध लिहायला ती लागतेच, आणि त्या बापाची अपेक्षाही तीच आहे. पण ज्याला एका भाषेत नेमके बोलता येते त्याला दुसरीत शिकवणे सोपे जाते. त्याला मुळात बोलताच येत नाही असे धरून चाललो, तर शिकवण्याची सुरुवातच चुकते.

येत्या सत्रात मी हा प्रकल्प माझ्या वर्गाला देणार आहे. त्या मुलाला विचारले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “सर, सगळ्यांसमोर सांगावं लागंल का?” मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. खटखट बंद झाली आहे. गाडी सरळ चालते. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला जूनपर्यंत शोधायचे आहे.